मोऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यातलं जुनं दार

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरावर उतरलात की उरणकडे जाताना जुनी कौलारू घरं जरूर बघा. मी तर घराआधी दारच बघतो. सागवानी चौकट, वर गणेशपट्टी, पितळी कडी-कोयंडा आणि या सगळ्यावर ऑइलपेंटचे चार थर!

तो रंग कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती रंगात ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती २०१७ मध्ये. पृष्ठभाग ओला करून खरवडा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. कोरीव कामावर ग्राइंडर फिरवणाऱ्याला तर उंबरठ्याच्या आत घेऊच नका.

लाकूड पूर्ण वाळलं की जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या आणि जास्तीचं तेल पुसून घ्या. तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

इथल्या हवेत लोखंडी स्क्रू लवकर गंजतात, म्हणून पितळीच वापरा. कडी चिंचेने घासा आणि स्वच्छ धुऊन कोरडी करा. चौकटीभोवतीच्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट थापू नका. ओल आत कोंडते आणि लाकूड खालून कुजतं.

शेवटी तोरण आणि उंबरठ्यावर रांगोळी. प्लास्टिकची माळ नको, आंब्याची पानंच शोभतात.

तुमच्या आजोळच्या दाराचा फोटो टाका ना!