सातबारा आणि उर्फ

सीबीडी बेलापूरच्या स्थानकातून बाहेर पडून कोकण भवनाकडे चालू लागले की कागदांची भेंडोळी काखेत धरलेली माणसे हटकून भेटतात. त्यांतल्या पुष्कळांपाशी सातबाराचा उतारा असतो. आणि याच परिसरातील एका संगणकवर्गात मी तक्त्यांतील माहिती विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेतील ‘जॉइन’, म्हणजे दोन तक्त्यांची जोडणी, शिकत होतो, तेव्हा मला प्रथमच उमगले की सातबारा हे नावच मुळी एका जोडणीचे आहे. गाव नमुना सात हे जमीन कोणाची ते सांगणारे अधिकार अभिलेख पत्रक, नमुना बारा ही पिकांची नोंदवही. भूमापन वा गट क्रमांकाच्या दुव्याने दोन्ही एका कागदावर आणली म्हणजे उतारा सिद्ध होतो.

सरावासाठी मी दोन गावांचे मिळून तसेच दोन तक्ते रचले : सातचा ४० ओळींचा, बाराचा ६० ओळींचा. पहिल्या खेपेस ‘फ्रॉम’पुढे दोन्ही नावे स्वल्पविराम देऊन लिहिली आणि जोडणीची अट राहून गेली, तेव्हा प्रत्येक खातेदार प्रत्येक पिकाशी जुळून २४०० ओळी उतरल्या. पुढच्या खेपेस ‘ऑन’नंतर गट क्रमांक घातला, तरी एका गावचे भात दुसऱ्या गावच्या खातेदाराच्या नावे चढले, कारण १२ क्रमांकाचा गट दोन्ही गावांत होता. गाव आणि गट मिळूनच जमिनीची ओळख पटते, ही तलाठ्याच्या नित्य परिचयाची गोष्ट मला त्या चुकलेल्या ओळीने शिकविली.

तक्त्याला दुसरे नाव देणाऱ्या ‘अ‍ॅज’ या शब्दाला तर दप्तरातला ‘उर्फ’च शोभतो. फेरफाराच्या नोंदीत जमीन देणारा आणि घेणारा हे दोघेही खातेदारच; म्हणून खातेदारांचा एकच तक्ता दोनदा घेऊन एकदा त्याला ‘देणार’ आणि एकदा ‘घेणार’ म्हणावे लागते, एरवी कोणाचे नाव मागितले हे यंत्राला कळत नाही. मात्र दप्तरातील उर्फ मूळ नावाशेजारी नांदतो, येथे तो ठेवताच तेवढ्या प्रश्नापुरते मूळ नाव चालेनासे होते.

अट सुधारल्यावर उतारा शुद्ध आला, पण ज्या गटांचे पीक नोंदलेलेच नव्हते ते त्यातून गळाले. वहिवाटदाराच्या दृष्टीने याहून मोठा अन्याय कोणता? ‘लेफ्ट जॉइन’ लिहिले, आणि ते गट आपापल्या खातेदारांसह परत आले, पिकाचा रकाना तेवढा रिता ठेवून.