भोक सहा सुताचं, क्लॅम्प वीस मिलीचा

ईट, भूम, वाशी, परंडा या पट्ट्यातला सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून काम करत आला. तिफण असो, कुळव असो की बैलगाडीची साटी, लाकूड पायानं दाबायचं आणि दोन्ही हातांनी वाकस नाहीतर पटाशी चालवायची. या कामाला टेबल लागत नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. आता औतं लोखंडी झाली. काम आलं प्लायचं, दारांचं, किचनच्या खणांचं. त्यासोबत उभ्यानं काम करायचं टेबल आलं, टेबलाला भोकं आली आणि भोकात अडकवायचे क्लॅम्प मोबाइलवरून घरपोच येऊ लागले.

अडचण इथूनच सुरू होते. क्लॅम्प भोकात शिरत नाही, नाहीतर शिरला की डुगडुगतो. मग ‘माल खराब’ म्हणून तो कोपऱ्यात पडतो, किंवा कानस घेऊन भोक खरवडलं जातं. मला दुसरा प्रकार जास्त लागतो, कारण क्लॅम्प बदलून मिळतो, चांगल्या लाकडात बिघडवलेलं भोक मिळत नाही. बहुतेक वेळा क्लॅम्पही बरोबर असतो आणि भोकही. चुकलेल्या असतात त्यांच्याबद्दलच्या समजुती.

‘सहा सूत म्हणजे वीस मिलीच की’

नाही. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे सहा सूत म्हणजे पाऊण इंच. १९५९ पासून जगभर इंच नेमका २५.४ मिलिमीटरचा धरतात, त्यामुळे पाऊण इंच होतो १९.०५ मिलीचा. वीस मिलीच्या भोकाशी त्याचा फरक जवळजवळ एक मिलीचा, नेमका ०.९५ चा. दाराच्या चौकटीत एवढा फरक कुणी मोजत नाही, भोकात मात्र तेवढ्यानंच सगळं बिघडतं.

आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्यानं लागू झाला. तरी सुताराची जीभ आणि हार्डवेअरच्या दुकानातली बिटं आजही निम्मी सुतात आहेत. बाहेरच्या जगातही असेच दोन तट आहेत. अमेरिकी पद्धतीच्या टेबलांची भोकं पाऊण इंची. युरोपात, विशेषतः फेस्टूल या जर्मन कंपनीच्या टेबलांमुळे, २० मिलीची भोकं ९६ मिलीच्या अंतरानं पाडायची पद्धत रूढ झाली. मोबाइलवर हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी दिसतात. काही ठिकाणी ‘१९/२० मिली’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुधा इतकाच, की दांडा १९ चा आहे आणि तो २० च्या भोकातही उभा राहील. तिथं तो घट्ट बसेल असं मात्र त्यात म्हटलेलं नसतं.

म्हणून आधी व्हर्नियर हातात घ्या. भोकाचं माप वरून आणि खालून घ्या, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं आणि रेषेला आडवंही घ्या. दांड्याचं माप वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात घ्या. टेपनं हे काम होणार नाही.

दांडा १९ चा आणि भोक २० चं निघालं, तर पुष्कळ जण एक मिलीचा पत्रा गुंडाळायला जातात आणि दांडा मुळीच शिरत नाही. फरक व्यासातला आहे, तो दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा वाटला जातो. पट्टी अर्ध्या मिलीपेक्षाही किंचित पातळ हवी. मास्किंग टेपचे तीन वेढे साधारण तेवढे भरतात.

‘ढिला बसतो म्हणजे धरणार नाही’

हा गैरसमज सगळ्यात खोल रुजलेला आहे, आणि क्लॅम्प कोणता आहे हे न पाहिल्यामुळे तो टिकून राहतो. भोकात नुसती उभी राहून लाकूड अडवणारी खुंटी, म्हणजे बेंच डॉग, घट्टच हवी. पण होल्डफास्ट ढिलाच हवा. (चौकट भिंतीत धरून ठेवणारी होल्डफास्टची पट्टी वेगळी. इथं म्हणतोय तो उलट्या ‘जे’सारखा वाकवलेला लोखंडी दांडा, डोक्यावर हातोडा मारला की लाकूड दाबून धरणारा.) तो भोकात किंचित तिरपा होतो. एका बाजूनं भोकाची वरची कड आणि समोरच्या बाजूनं खालची कड अशा दोन जागी तो टेकतो आणि तिथल्या घर्षणावर अडकून राहतो. भोक तंतोतंत असेल तर त्याला तिरपं व्हायला जागाच उरत नाही.

मग एखादा होल्डफास्ट निसटतो तो कशामुळे? हिशेब करून पाहिला तर कारण भोकाच्या रुंदीत सापडत नाही, टेबलाच्या जाडीत सापडतं. दांड्यापासून लाकूड दाबणाऱ्या टोकापर्यंतचं अंतर घ्या, त्याला दोननं आणि घर्षणांकानं गुणा. टेबलाची जाडी त्या आकड्यापेक्षा कमी असली तर होल्डफास्ट धरतो. अंतर १५० मिली आणि लाकूड-लोखंडाचा घर्षणांक ०.३ धरला तर उत्तर येतं ९० मिली, म्हणजे साडेतीन इंच. आपल्याकडे माळवदाची जुनी घरं उतरवली की सागवानी तुळया निघतात आणि त्यांचं टेबल करायचा मोह कुणालाही होतो. तुळई पाच-सहा इंच जाड असली तर तिच्यात होल्डफास्ट धरणार नाही, भोक कितीही नेमकं असलं तरी. उपाय सोपा आहे. खालच्या बाजूनं तेच भोक मोठ्या बिटनं रुंद करायचं आणि वरचा तीनेक इंचाचा भागच मूळ मापाचा ठेवायचा. दांडा गुळगुळीत पॉलिश केलेला असेल तर त्यावर आडवा पॉलिशपेपर फिरवून तो खरखरीत करायचा.

टेबल पातळ असलं तर उलटाच त्रास होतो. १८ मिलीच्या प्लायमध्ये होल्डफास्टनं शंभर किलोचा दाब दिला, तर तोच हिशेब सांगतो की भोकाच्या कडेवर आठशे किलोंच्या वर जोर येतो. प्लाय तिथं चेपतो, भोक लांबट होतं आणि दोष मात्र क्लॅम्पच्या नावावर जातो. भोकाखाली ठोकळा सरसानं आणि स्क्रूनं पक्का करून एकूण जाडी दोन इंचांपर्यंत नेली की हा त्रास संपतो.

‘पावसाळ्यात लाकूड फुगतं, भोक आवळतं’

हे ऐकायला इतकं पटतं की कुणी तपासत नाही. पण गाडीच्या चाकावर धाव चढवताना ती तापवतात ती तिचं भोक मोठं व्हावं म्हणून. लोखंड फुगलं की आतली पोकळीही त्याच प्रमाणात वाढते. लाकडाचंही तसंच आहे. आख्खी फळी सारखी फुगली तर भोक रेषेला आडवं थोडं मोठंच होतं. रेषेच्या दिशेनं लाकूड जवळजवळ फुगत नाही, म्हणून तिथं माप तेवढंच राहतं. भोक अंडाकृती होतं ते यामुळे.

मग जुलैत खुंटी अडकते हा अनुभव खोटा का? खोटा नाही. भोकाच्या आतल्या भिंतीवर रेषांची कापलेली तोंडं उघडी असतात, ती ओल आधी पितात. बाकीची फळी कोरडी आणि भिंतच फुगलेली, अशा अवस्थेत भोक काही दिवस आवळतं. लाकडी खुंटी असेल तर तीही फुगते. पण हा सगळा फरक किती? सागाची ओल पाच टक्क्यांनी वाढली तर आडव्या दिशेची वाढ साधारण एक टक्का, म्हणजे वीस मिलीच्या भोकात ०.२ मिली. बाभूळ सागापेक्षा जास्त हलते, तरी एक मिलीचा फरक हवामानाच्या माथी मारता येत नाही. क्लॅम्प एक मिलीनं अडत असेल तर तो सूत-मिलीचाच घोळ समजा.

‘जुनं लाकूड आता हलणार नाही’ हेही खरं नाही. शंभर वर्षांचं सागवानही ओल घेतं आणि सोडतं. जुन्या लाकडात आतून बाहेरून ओल सारखी झालेली असते, म्हणून ते नव्यासारखं वेडंवाकडं पिळत नाही, इतकंच.

‘बिटवर वीस लिहिलंय, म्हणजे भोक वीसचं’

कारखान्यातल्या यंत्रावरचं एच ७ दर्जाचं वीस मिलीचं भोक २०.००० ते २०.०२१ मिलीच्या आत बसतं. हातातल्या ड्रिलवर चपटं बिट लावून लाकडात ती अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. बिट थरथरतं, भोक वर रुंद होतं. ड्रिल एकच अंश कलला तर भोकात उभी केलेली खुंटी दीडशे मिली उंचीवर अडीच मिलीपेक्षा जास्त झुकते. दोन खुंट्यांना टेकवून काटकोनात कापायचं असेल तर तेवढ्यानं गुण्याच चुकतो.

क्लॅम्पवरच्या रंगाकडेही बघा. पावडर कोटिंगचा थर दोन्ही बाजू धरून व्यासात सव्वा-दीड दशांश मिलीची भर घालतो. दांडा जेमतेम अडत असेल तर एमरी पेपरनं तेवढा रंग काढला की काम होतं. हातोडा मारून घालू नका. बीडाचा क्लॅम्प वाकत नाही, तुटतो.

लोहाराकडून होल्डफास्ट करून घेणार असाल तर साधी गोल सळई द्या. काळ्या सळईच्या मापात अर्ध्या मिलीपर्यंत फरक असतो, म्हणून आधी दांडा घडवून घ्यायचा आणि मग भोक पाडायचं. बांधकामाची टीएमटी सळई नको. वीसच्या सळईचं माप कांगोऱ्यांवरून घेतलं तर वीसच्या वर जातं, आणि ते कांगोरे भोकाच्या भिंती कुरतडतात.

‘भोक मोठं करायला एकदा बिट फिरवलं की झालं’

सहा सुताच्या भोकात वीसचं बिट घातलं तर मधल्या टोकाला धरायला लाकूडच नसतं. बिट भरकटतं आणि कडेच्या चिरफळ्या उडतात. त्याऐवजी त्याच मापाची लाकडी गुल्ली भोकात ठोकून बसवा, सरस न लावता. गुल्लीच्या मध्यावर खूण करा. जाड फळीच्या तुकड्यात वीसचं भोक गुण्याला धरून सरळ पाडा आणि तो तुकडा खुणेवर जी-क्लॅम्पनं घट्ट आवळा. तुकड्यातल्या भोकातून बिट खाली सोडा. खाली टाकाऊ प्लाय लावलेला असला म्हणजे पलीकडची कड फुटत नाही. एक भोक झालं की थांबा, क्लॅम्प लावून पाहा, जोर देऊन पाहा. त्यानंतरच दुसऱ्या भोकाला हात घाला.