गाडीतली शिट्टी

गाडीत वेगळा ॲम्प्लिफायर बसवला, की कधीकधी गाण्यामागे बारीक शिट्टी ऐकू येते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. अशी गाडी माझ्याकडे दुरुस्तीला येते, तोवर मालकांनी बहुधा नवे स्पीकर घेतलेले असतात. ते पैसे वाया जातात, कारण शिट्टी येते आल्टरनेटरकडून. इंजिनाबरोबर फिरून तो जी वीज तयार करतो, तिच्यात थोडी लहर राहतेच.

ती आवाजात शिरते कुठून? डेक आणि ॲम्प्लिफायर यांचं अर्थिंग दोन ठिकाणी असलं आणि एक जोड कच्चा असला, तर दोन्हींमध्ये किंचित व्होल्टेज उरतं. ते डेककडून येणाऱ्या आवाजाच्या तारेत मिसळतं. सगळं बंद करून ही तार ॲम्प्लिफायरमधून काढा, मग गाडी सुरू करा. शिट्टी थांबली, तर ती याच वाटेने येत होती.

उपाय स्वस्त आहे. पत्र्यावरचा रंग खरवडा आणि आखूड तारेने अर्थिंग घट्ट आवळा. बॅटरीची तार आवाजाच्या तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. फिल्टर विकत घ्यायचा तो यानंतरच. मात्र सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग कधीही जोडू नका. तो बोल्ट अपघातात माणसाला धरून ठेवण्यासाठी आहे.