हॉटेलची कपबशी आणि हॉटेलची चूल

शहरात आज दोन प्रकारची हॉटेले शेजारी शेजारी उभी आहेत. एकात मालक स्वतः गल्ल्यावर बसतो. दुसऱ्याचा मालक गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. पण त्याची पाटी, खुर्च्या आणि चव मुंबईत, पुण्यात, दिल्लीत एकसारखी असते. हे साखळी हॉटेल. या दोहोंच्या स्पर्धेची चर्चा आपल्याकडे बहुधा चवीच्या आणि आठवणींच्या अंगाने होते. एखाद्या इराण्याचे हॉटेल बंद पडले की वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त होते. ती खोटी नसते. परंतु कोणी कोणाच्या हातचे खावे यावर ज्या समाजाची उतरंड उभी आहे, त्या समाजातील दलितांना हा प्रश्न वेगळ्या जागेवरून पाहणे भाग आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. या घटनेत हॉटेलविषयीचे दोन्ही प्रश्न सामावलेले आहेत. पहिला कपबशीचा : आत बसून, सर्वांच्या कपातून आम्हाला पिता येईल काय? दुसरा चुलीचा : आमच्या हातचे इतर खातील काय?

कपबशीच्या प्रश्नाला संविधानाने उत्तर दिले. कलम १५ (२) अन्वये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत जातीच्या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली. धोब्याचे दुकान आणि केशकर्तनालय यांचा यात समावेश होतो काय, अशी शंका निघाली. 'दुकान' याचा अर्थ केवळ आत शिरण्यापुरता नसून, अटी मान्य करणाऱ्याला सेवा मिळणे हा आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने हॉटेलातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. १९७६ मध्ये या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. गावच्या चहाच्या दुकानाबाहेर उकिडवे बसून, वेगळा ठेवलेला कप स्वतःच विसळणाऱ्या माणसाला या कलमांचे मोल सांगावे लागत नाही.

चुलीचा प्रश्न मात्र अवघड राहिला. तो समजण्यासाठी स्वतंत्र हॉटेल कसे चालते ते पाहिले पाहिजे. त्याचे भांडवल नातेवाइकांकडून येते, आचारी गावाकडून येतो, पोऱ्याही ओळखीचाच असतो. मुंबईतील उडुपी हॉटेले दक्षिण कानड्यातून आलेल्या मंडळींनी, आधी ब्राह्मणांनी आणि पुढे मोठ्या प्रमाणावर बंट समाजाने, अशाच आधारावर उभी केली. त्यांच्या कष्टांविषयी शंका नाही. पण जागा भरण्याची ही रीत अशी आहे की तेथे कोणालाही नकार द्यावा लागत नाही. बाहेरच्याला जागा रिकामी झाल्याचे कळतच नाही. कायदा नकाराला शिक्षा करू शकतो. ओळखीच्या अभावाला कोणते कलम लावणार?

साखळी हॉटेलची रीत वेगळी आहे. पदार्थ ठरलेल्या मापाने बनतात, अर्धा स्वयंपाक मध्यवर्ती ठिकाणी होतो, त्यामुळे आचाऱ्याचे कसब आणि कूळ दोन्ही गौण होतात. नोकरी अर्जाने मिळू शकते. गिऱ्हाइकाला जात विचारण्याचे कारण उरत नाही. पेला कागदाचा, वापरून फेकायचा. दलित तरुण तेथे निर्धास्त बसतो. हा लाभ खरा आहे. पण त्याची किंमत खिशात असावी लागते.

आता मालकीकडे पाहू. साखळीचा परवाना घेणाऱ्याला आरंभी ठोक रक्कम, पुढे विक्रीवर ठरावीक टक्के, मोक्याची जागा आणि सजावटीचा खर्च उचलावा लागतो. त्यासाठी कर्ज हवे, आणि कर्जाला तारण हवे. ज्यांच्या वाडवडिलांच्या नावे गावाबाहेरची झोपडी होती, ते तारण कोठून आणणार? म्हणजे स्वतंत्र हॉटेलच्या दाराशी ओळख उभी आहे आणि साखळीच्या दाराशी भांडवल. दोन्ही पहारेकरी जातीनेच नेमलेले आहेत.

आधुनिक कंपनी विटाळ आपोआप विसरते, हाही भ्रम आहे. मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये भारतात दुकाने उघडली ती गोमांस व डुकराचे मांस वगळून, शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाच्या जागा वेगळ्या ठेवून. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी वेगळे वाहक आणि त्यांना हिरवा वेष जाहीर केला. टीका होताच वेष दुसऱ्या दिवशी मागे घेतला. वेगळी सेवा ठेवली. येथे 'शुद्ध' हा शब्द अन्नावरून अन्न वाहणाऱ्या माणसावर सरकतो. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. हा विचार त्याच जातकुळीचा.

मग मार्ग कोणता? गिरणगावातील खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. एकटीला जे तारण नव्हते ते संघटनेने निर्माण केले. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांचे खाद्यजीवन नोंदवले. हे पदार्थ शहरातील स्वतंत्र हॉटेलांच्याही पाटीवर सहसा दिसत नाहीत आणि साखळीच्याही. त्यांना पाटीवर आणायचे तर चूल, जागा आणि कर्ज आपल्या माणसांच्या हाती आले पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी शहरातील कोणत्याही हॉटेलला, मग ते जुने असो की साखळीचे, तीन प्रश्न विचारावेत. स्वयंपाकघरात कोण आहे? गल्ल्यावर कोण आहे? आणि फरशी पुसायला कोण आहे? पहिल्या दोन प्रश्नांना आणि तिसऱ्याला जोवर वेगवेगळ्या जातींची नावे उत्तरादाखल येतात, तोवर कपबशी एक झाली एवढ्याने समाधान मानण्याचे कारण नाही.