गेममधला नफा खरा की खोटा? नवशिक्याचा कोड असा सुधारा

मागच्या व्हिडिओत आपण पायथनमध्ये वडापावच्या गाडीचा छोटा गेम लिहिला होता. गल्ल्यात ५०० रुपये, पाच दिवस धंदा. एक वडापाव बनवायला १० रुपये, विक्री १५ रुपयांना. रोजचं गिऱ्हाईक किती, ते कॉम्प्युटर ठरवणार.

बॅचमधल्या एका ताईंनी स्वतःचा कोड पाठवला आणि म्हणाल्या, "सर, पहिल्याच दिवशी ४०० सुटले. मग खरी गाडी टाकूच का?"

मी म्हटलं, थांबा ताई, आधी कोड बघू.

१. माल नाही तर विक्री नाही. ताईंनी २० वडापाव बनवले, मागणी आली ४०ची. कोडने ४०ही विकून टाकले! विक्री म्हणजे बनवलेला माल आणि मागणी, यातला जो आकडा लहान तो. पायथनमध्ये त्यासाठी 'मिन' हे तयार फंक्शन आहे. ते लावल्यावर हिशोब असा: खर्च २००, विक्री ३००, सुटले १००. ४०० नाही!

२. आलेला आकडा तपासा. 'इनपुट' जे देतं तो मजकूर असतो, 'इंट' त्याचा आकडा करतं. '२०' असं मराठीत टाईप केलं तरी चालतं, पण 'वीस' लिहिलं किंवा रिकामंच एंटर दाबलं की गेम बंद पडतो. म्हणून 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' वापरा आणि नीट आकडा येईपर्यंत 'व्हाइल' लूपमध्ये परत विचारा. अजून एक गंमत बघा. उणे २० टाकलं तर खर्चही उणे होतो आणि गल्ल्यात फुकटचे २०० वाढतात! म्हणून आकडा शून्यापेक्षा कमी नको आणि गल्ल्यात परवडेल त्याहून जास्त नको. ५०० रुपयांत ५०च वडापाव.

३. कॉपी-पेस्ट बंद. पाच दिवसांसाठी तोच कोड पाच वेळा लिहिला होता. दर बदलला तर पाच जागी बदलायचा, आणि एखादी जागा राहतेच. त्याऐवजी एकच 'फॉर' लूप घ्या. 'रेंज'मध्ये १ आणि ६ द्या, म्हणजे १ ते ५ दिवस मिळतात. शेवटचा आकडा धरत नाहीत.

४. दर वरती, नावासकट. १० आणि १५ कोडमध्ये विखरू नका. वरती 'खर्च' आणि 'दर' अशी नावं द्या. पायथन ३मध्ये व्हेरिएबलची नावं मराठीत चालतात.

सगळं एकदम बदलू नका हं. एक बदल, एकदा चालवून बघा, मग पुढचा. आणि कागदावर एका दिवसाचा हिशोब हाताने मांडा. कॉम्प्युटरचं आणि कागदाचं जुळलं तरच पुढे.

माझ्या दुकानाच्या स्टॉक शीटमध्ये एकदा उणे आकडा असाच घुसला होता. महिनाअखेर माल जुळेना, दोन रात्री मोजत बसलो.

ताईंनी कोड सुधारला. आता त्या भाडं आणि गॅसचा खर्चही गेममध्ये घालतायत. गाडीचं त्यानंतर ठरवणार. गेममध्ये बुडालेले पैसे परत मिळतात, गल्ल्यातले नाही!

चला, भेटूया पुढच्या व्हिडिओत.