दिशादर्शक जायरोविना यंत्राधारित उड्डाणातील अचूक वळण : एक विवेचन

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तेथील बिरसी विमानतळ वैमानिक प्रशिक्षणासाठी परिचित आहे. पावसाळी ढगांत क्षितिज दिसेनासे झाले की वैमानिकाची सारी भिस्त उपकरणांवर असते. पारंपरिक उपकरणफलकातील दिशादर्शक जायरो बहुधा निर्वात पंपावर चालतो. हा पंप निकामी झाल्यास दिशा सांगण्यास केवळ चुंबकीय होकायंत्र उरते. मात्र वळणात तेच फसवे ठरते. त्याची कारणे व त्यावरील उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

होकायंत्राची वळणत्रुटी

उत्तर गोलार्धात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षितिजाखाली झुकलेले असते. वळणात होकायंत्राची तबकडी विमानाबरोबर कलते आणि क्षेत्राचा अधोगामी घटक तिला खालच्या बाजूस ओढतो. परिणामी उत्तराभिमुख विमान वळू लागताच होकायंत्र मागे पडते, प्रसंगी उलट वळणही दाखविते. दक्षिणाभिमुख असताना ते पुढे धावते. ही तफावत स्थूलमानाने स्थानिक अक्षांशाइतकी धरतात. भंडारा परिसरात ती सुमारे २१ अंश येते. पूर्व व पश्चिम दिशांवर ती नगण्य असते. परंतु तेथे विमानाचा वेग बदलल्यास निराळी त्रुटी उद्भवते.

कालमापित वळण

वळणदर्शक बहुधा विजेवर चालत असल्याने पंप बंद पडल्यावरही तो कार्यरत राहतो. प्रमाणित वळणात विमान सेकंदाला ३ अंश, म्हणजे २ मिनिटांत ३६० अंश फिरते. १०० नॉट वेगाला त्यासाठी सुमारे १५ अंशांचा कल लागतो. पूर्वेकडून उत्तरेकडे यावयाचे असल्यास ९० अंशांसाठी ३० सेकंद पुरतात. कल देण्यास आरंभ करताच कालगणना सुरू करावी आणि ३० सेकंद पूर्ण होताच विमान सरळ करण्यास आरंभ करावा. कल देण्याचा व काढण्याचा वेग समान ठेवल्यास दोन्ही टप्प्यांतील फरक परस्परांस छेद देतात.

वळणदर्शकाची पडताळणी आधीच स्वच्छ हवामानात करणे आवश्यक आहे. ३० सेकंदांत ८० अंशच वळण झाले, तर ९० अंशांसाठी सुमारे ३४ सेकंद द्यावे लागतील. वळण संपल्यावर होकायंत्र स्थिरावू द्यावे व उरलेला फरक त्याच हिशेबाने दुरुस्त करावा. ६ अंशांसाठी २ सेकंद.

निष्कर्ष

एका सेकंदाची चूक ३ अंशांची असते आणि ती ६० सागरी मैलांत विमानाला सुमारे ३ सागरी मैल बाजूला नेते. ढगांत धावपट्टी शोधणाऱ्या वैमानिकासाठी हे अंतर जीवघेणे ठरू शकते. म्हणून वळताना घड्याळावर आणि सरळ, स्थिर वेगाच्या उड्डाणात होकायंत्रावर विसंबणे, हेच या पद्धतीचे सार होय.