कावळा बसला, फांदी मोडली

सोसायटीच्या सभेत खजिनदार टाकीच्या गळतीचा विषय काढतात. दुरुस्तीसाठी प्रत्येकी दोन हजार रुपये काढू या, म्हणतात. लगेच एक जण उसळतो, "तुमचा स्वतःचा मेंटेनन्स थकलाय, आधी तो भरा!" दुसरा म्हणतो, "म्हणजे घरदार विकून टाकी बांधायची का आम्ही?" तिसऱ्याला भविष्य दिसतं, "आज टाकी, उद्या लिफ्ट, परवा अख्खी बिल्डिंग पाडायला निघाल!" तासभर घसे कोरडे होतात. टाकी खरंच गळते का, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

तिन्ही तर्कदोष जुनेच. पहिला मुद्दा सोडून माणसावर घसरतो, दुसरा न बोललेलं समोरच्याच्या तोंडी घालतो, तिसरा एका खर्चावरून थेट सर्वनाश गाठतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडून काढायची ती वितंडा. सभेत रंगली ती वितंडाच.

मात्र समोरच्याचा तर्क लंगडा निघाला म्हणून आपलं म्हणणं सिद्ध होत नाही. विरोधक वाट्टेल ते बोलले, तरी दुरुस्तीचा खर्च फुगवलेला असू शकतो. त्यासाठी दोन-तीन कोटेशनंच मागवावी लागतात.

भांडणातले दोष निदान कानाला खटकतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, की मात्र शहाणीसुरती माणसंही फसतात. कारण तिथे जो तो डोळ्यांदेखत घडलेलं सांगत असतो.

१९९८ मध्ये ब्रिटनमधले डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरचा निबंध छापला आणि गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी असल्याची शंका पसरली. पालकांना ती पटली. ही लस साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या बाळाला देतात आणि स्वमग्नतेची लक्षणंही बऱ्याचदा त्याच सुमारास ध्यानात येऊ लागतात. लसीकरण घटलं. २००८ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये गोवराने पुन्हा मूळ धरल्याचं जाहीर करावं लागलं. निबंध मागे घेतला गेला तो २०१० मध्ये.

लस न घेतलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न १२ मुलांच्या त्या निबंधातून सुटणारच नव्हता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचा धोका न घेतलेल्यांपेक्षा जास्त आढळला नाही.